एक्केचाळीस नंबरमधली बाई

शनिवारी सकाळी अनुजा आली ती चपला काढायच्या आधीच भांडायला लागली.

"काका, खरं सांगा. खोलीत कुणाला ठेवलंय?"

कुशाबा राऊळ जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसला होता. "कुठल्या खोलीत?"

"आपल्या. नायगावच्या. एक्केचाळीस नंबर."

"तिथे कोण राहील? लाईट कापली, पाणी कापलं. खिडक्यांचे गजसुद्धा लोकांनी काढून नेले."

"तेच म्हणते मी. मग ती बाई कोण?"

नायगावच्या बीडीडी चाळीतली त्यांची इमारत ऑक्टोबरात रिकामी झाली होती. ऐंशी बिऱ्हाडं उठली. कुणी भाडं घेऊन नालासोपाऱ्याला गेलं, कुणी गावी. कुशाबाला नवं घर होईपर्यंत शिवडीच्या ट्रान्झिट इमारतीत अकरावा मजला मिळाला. अनुजा चाळीत त्याच्या समोरच्या खोलीतली, बुधाजी मास्तरांची मुलगी. तिची आईही नोकरीला जायची, त्यामुळे शाळेत जायच्या वयापर्यंत पोर कुशाबाच्या बायकोच्या, मीराबाईच्या मांडीवरच वाढली. आता ती एका संस्थेत होती. बाहेरदेशची कॉलेजची मुलं गटागटाने शिकायला यायची, त्यांना गिरणगाव, चाळी, गोदी दाखवायचं तिचं काम.

"हे बघा, सोमवारी इमारत पाडायला घेणार," ती म्हणाली. "आत कुणी राहतंय असं निघालं तर तुमचं नव्या घराचं पत्र अडकवतील. गावच्या कुणाला ठेवलं असेल तर आजच्या आज काढा. मी कुणाला सांगणार नाही."

"अगो, कुणाला ठेवलं नाही. तुझ्या बापाची शपथ."

"माझ्या बापाची कशाला? तुमची घ्या ना."

"घेतली."

मग अनुजाने चपला काढल्या, आत येऊन बसली आणि पिशवीतून एक पुस्तिका काढली. जानेवारीत हॉलंडच्या एका कॉलेजातली अकरा मुलं आली होती. दोन आठवडे राहिली. परत गेल्यावर प्रत्येकाने एकेक पान लिहायचं, काय पाहिलं, काय वाटलं, काय शिकलो, असा त्यांचा नियम. ती पानं एकत्र बांधून त्यांच्या मॅडमनी पाठवली होती. सोबत पत्र होतं. अकरापैकी पाच मुलांनी चाळीतल्या एका बाईंबद्दल लिहिलं आहे, पुस्तिका छापायची तर त्या बाईंचं नाव आणि सही हवी, कागद पाठवत आहे, कृपया भरून घ्या.

"कुठल्या बाईंबद्दल?"

"मलाही तेच कळेना. मुलांना पाच-पाच करून वर सोडायची परवानगी होती. मी खाली गेटवर बाकीच्यांना घेऊन उभी होते. वर गेलेली पाच जणं बसमध्ये म्हणाली, एक छान बाई भेटली. मला वाटलं, गेटवरच्या चहावाल्या गंगुबाईबद्दल बोलतायत. आता वाचल्यावर बघते तर दुसरा मजला, जिन्यातून डाव्या हाताचं पहिलं दार."

कुशाबाने मेथीची जुडी बाजूला सारली. "वाच."

अनुजा इंग्रजीतून बघायची आणि मराठीत सांगायची. पहिली काही पानं नेहमीचीच होती. एका मुलाला हॉर्नच्या आवाजाने तीन दिवस झोप लागली नव्हती. एका मुलीने लिहिलं होतं, इथल्या लोकांकडे काही नाही, तरी ते हसतात, आमच्याकडे सगळं आहे.

"काही नाही कसं?" कुशाबा म्हणाला. "फ्रिज होता की."

"ऐका हो. ही फेमके. 'आम्हाला सांगितलं होतं की इमारत रिकामी आहे. मधला बोळ इतका काळोखा होता की आम्ही मोबाईलचे दिवे लावले. दुसऱ्या मजल्यावर पहिल्या दारात एक बाई उभी होती. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. मी बूट काढले. मग ती बाजूला झाली.'"

कुशाबा पुढे सरकून बसला.

"हा ब्राम. हा खूप उंच होता, साडेसहा फूट. लिहितो, 'दारातून आत जाताना बाईने वरच्या लाकडावर हात धरला, म्हणजे माझं डोकं आपटलं तर तिच्या हातावर आपटेल. माझी आजी मोटारीत बसवताना असं करायची. आत माळ्यावर पितळेची भांडी रचलेली होती. इतक्या लहान खोलीत इतक्या नीट ठेवलेल्या वस्तू मी कधी पाहिल्या नव्हत्या.'"

"माळा?" कुशाबा म्हणाला.

"माळाच लिहिलंय."

"माळा तर सुताराने दसऱ्याला उतरवला. फळ्या विकल्या. भांडी ही काय, या बाकड्याखाली." त्याने बाकड्याखाली हात घालून एक पितळी डबा बाहेर ओढला आणि परत आत ढकलला.

अनुजा त्याच्याकडे बघत राहिली. तिने पुढची दोन पानं भराभर वाचली. एकीने लिहिलं होतं की बाईचा डावा गुडघा दुखत असावा, ती भिंतीला धरून चालत होती. तिला बसायला सांगावंसं वाटलं, पण घर तिचं होतं. चौथ्या मुलाने शब्द कमी लिहिले होते, खोलीचं चित्र काढलं होतं. पेन्सिलचं, साधं. मोरी, स्टो, कोपऱ्यातली ट्रंक, दोरीवरचे कपडे. कुशाबाने पुस्तिका हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. सगळं जिथल्या तिथे होतं. एकच गोष्ट नव्हती. मीराबाई आजारी पडल्यावर दोन वर्षं ज्या खाटेवर होती, ती लोखंडी खाट चित्रात कुठेच नव्हती. तिच्या जागी नुसती चटई होती, गुंडाळून उभी केलेली.

"कोण असेल काका?"

"पाचवं वाच." त्याने पुस्तिका परत दिली.

"पाचवी मुलगी म्हणते, 'बाई प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होती. आम्हाला भाषा येत नव्हती. मी ते आमच्या अक्षरांत लिहून घेतलं, म्हणजे नंतर अर्थ विचारता येईल. मग विचारायचं राहून गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. ती पाचही जणांना तेच विचारत होती, आणि आम्ही मान हलवली की दाराबाहेर बघत होती.' आणि खाली लिहिलंय..." अनुजाने कागद जवळ धरला. ती एकेक अक्षर लावत वाचत गेली. "'ते खंय गेले.'"

वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवलं. कुशाबाने घ्यायला हात पुढे केला तशी पुस्तिका खाली मेथीवर पडली.

छप्पन वर्षांत मीराबाईने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बाजारातून परत आली, गावाहून परत आली, इस्पितळात शुद्धीवर आली, की तिचा पहिला प्रश्न तोच असायचा. ते खंय गेले? आणि मग शेजारीण सांगायची, नळावर गेलेत, ड्यूटीवर गेलेत.

जून महिन्यात ती वारली होती. अनुजा स्मशानापर्यंत आली होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "आमच्यात हे नाही. बाबांनी आम्हाला भुताखेताचं कधी शिकवलंच नाही. कुणीतरी मस्करी केली असेल."

"हॉलंडच्या पोरीने? मालवणीत?"

अनुजाने खाली पडलेली पुस्तिका उचलली.

"चूक आमची आहे," कुशाबा म्हणाला. "तिला आम्ही न्यायलाच विसरलो."

राऊळांच्यात एक रीत होती. घर सोडायचं तर नुसतं सामान न्यायचं नाही. एक नारळ देवापुढे ठेवून गाऱ्हाणं घालायचं, घरात जे जे होऊन गेले त्यांची नावं घेऊन सांगायचं की आम्ही इथून निघालो, तुम्हीही या. मग तो नारळ ओंजळीत घेऊन नव्या घरापर्यंत चालत जायचं. वाटेत खाली ठेवायचा नाही, नव्या उंबऱ्यात जाईपर्यंत बोलायचं नाही, तिथे घरातल्या बाईने उंबऱ्यावर पाणी ओतायचं. ज्याचं नाव घेतलं तो नारळामागून येतो. ज्याचं घेतलं नाही त्याला कळत नाही की घर गेलं.

ऑक्टोबरात लालबागहून कुशाबाचा चुलतभाऊ दौलत आला होता. गाऱ्हाणं त्यालाच पाठ होतं. त्याने आजोबांचं नाव घेतलं, आईबापांचं घेतलं, गिरणीत गेलेल्या थोरल्या भावाचं घेतलं, आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत गेले. मीराबाईचं नाव आलं नाही. वर्ष व्हायच्या आधी माणूस पितरांत जात नाही, तेव्हा नाव घेत नाहीत, अशी दौलतची समजूत. आणि कुशाबाने शेजारी उभं राहून ते ऐकलं होतं.

त्याने दौलतला फोन लावला. सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं की राहिलेलं माणूस मागाहून आणता येतं का.

"येता," दौलत म्हणाला. "पण बिल्डिंग उभी आसा तोवर. उंबरोच गेलो तर हाक मारतलंस खंय? आणि दादा, वाटेत बोला नको हां. बोललास, तर मागसून येणारा थंयच रवता. मगे कायम थंयच."

"वहिनी ना रे?" मग दौलतनेच विचारलं.

कुशाबाने फोन ठेवला.

रविवारी दुपारी तीनला ते नायगावला पोचले. अनुजा नको नको म्हणत आली. काळोखात जिन्यावरून पडाल, म्हणाली, कारण तेवढंच आहे. गेटवर हितेंद्र वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. कुशाबाच्या हातातला नारळ त्याने बघितला.

"काका, मशीनला फोडायचा असेल तर उद्या या. उद्या पूजा आहे."

"वर जाऊन येतो. पाच मिनिटं."

"काय राहिलंय वर? भिंती तेवढ्या राहिल्यात, त्या पण नेताय का?"

"तू येतोस?" अनुजाने विचारलं. "टॉर्च आहे ना तुझ्याकडे?"

"टॉर्च घ्या. मी नाही येत." हितेंद्रने खुर्ची जरा उन्हाकडे सरकवली. "दुसऱ्या मजल्यावर मी जातच नाही. बाकी सगळीकडे बघा, विटा, चुना, कबुतरांची घाण. तिकडे पहिल्या दरवाज्यासमोर रोज झाडलेलं असतं. पहिल्यांदा वाटलं गर्दुल्ले असतील. पण गर्दुल्ले झाडू मारत नाहीत, काका."

जिन्यात दिवसाही रात्र होती. दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून बोळ, अशा त्या इमारती, बोळात उजेड यायचा तो खोल्यांच्या उघड्या दारांतूनच. आता दारंच नव्हती. चौकटी काढून नेलेल्या जागी भोकं राहिली होती आणि त्यांतून राखाडी उजेड तुकड्यातुकड्याने पडला होता. पायाखाली चुना करकरत होता.

दुसऱ्या मजल्यावर पाऊल टाकलं आणि करकर थांबली.

अनुजाने टॉर्च खाली धरला. एक्केचाळीस नंबरपुढची फरशी स्वच्छ होती. झाडूचे फराटे दिसत होते, ताजे, अर्धगोल, आणि कचरा भिंतीशी सारून नीट ढीग केलेला होता. समोर बेचाळीस नंबरपुढेही कुणीतरी झाडलं होतं. अनुजाने ते बघितलं. मीराबाई झाडायची तेव्हा समोरच्यांचंही दार झाडून टाकायची. तिने टॉर्च विझवला.

"तू इथेच थांब," कुशाबा म्हणाला आणि आत गेला.

खोलीत काही नव्हतं. माळ्याच्या तुळया ओढून काढल्या होत्या तिथे भिंतीला खड्डे पडले होते. मोरीचा नळ गेला होता. खिडकीच्या भोकातून समोरच्या चाळीतलं वाळत घातलेलं धुणं दिसत होतं. पण खोलीला वास होता. बंद जागेचा नव्हे, सांडपाण्याचा नव्हे. कुणीतरी नुकतेच तांदूळ धुतल्यासारखा.

तो मधोमध खाली बसला. नारळ पुढ्यात ठेवला. गाऱ्हाणं त्याला पाठ नव्हतं. 'बा देवा म्हाराजा' एवढं म्हणून तो अडला. मग त्याने ते सोडून दिलं आणि साधंच बोलायला लागला.

"मीरा," तो म्हणाला.

नाव उच्चारल्यावर तोच दचकला. चारचौघांत तो तिला 'अगो' म्हणायचा, घरात 'ऐकतंस?' म्हणायचा.

"मीरा, घर गेला आपला. उद्या पाडतत. आमी शिवडेक गेलंव. तुका सांगूक नाय. दौलत विसारलो म्हणून नाय." त्याने चेहरा पुसला. "तेना तुजा नाव घेवक नाय, ता माका कळला होता. मी बाजूकच उभो होतंय. म्हटला असता तर तेना घेतला असता. मी गप रवलंय."

बाहेर बोळात अनुजा हलली असावी. तिच्या ओढणीचा आवाज आला.

"दोन वर्सा मी झोपाक नाय, मीरा. तू रात्री धा वेळा उठवायचंस. पाणी, कूस, पाणी. मी करी होतंय. पण त्या दिवशी मनात इला, नवीन घरात एकटोच जातंय. एक रात झोपतंय. एकच." तो थांबला. "झोप काय इली नाय. चार म्हयने झाले. चल आता. चुकलंय मी. चल."

बराच वेळ काही झालं नाही. खाली रस्त्यावर बस गेली, तिची भिंतींना थरथर आली. कुशाबाने नारळ उचलला, ओंजळीत धरला आणि उठला. दाराशी आला तेव्हा मागे मोरीपाशी बांगड्या वाजल्या. कुणीतरी हात धुऊन पदराला पुसावेत तशा, दोनदाच.

तो वळला नाही. तोंड मिटून जिना उतरायला लागला. अनुजा त्याच्या मागे. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, वरून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तशी. नंतर तिने सांगितलं की आपण असं का केलं ते तिलाही ठाऊक नाही. जागा कमी पडतेय असं वाटलं, एवढंच.

हितेंद्र गेटवर उभा राहिला होता. त्याने टॉर्च परत घेतला. गेट नेहमीपेक्षा जास्त उघडून धरलं, आणि ते दोघांच्या मानाने जास्त वेळ उघडं ठेवलं.

आंबेकर मार्गाने कुशाबा निघाला. रविवारची दुपार, रस्ता मोकळा होता. तो सावकाश चालत होता, कारण जिना उतरताना मागून येणारा पाय एक हलका आणि एक जड पडत होता, हे त्याने ऐकलं होतं. भोईवाड्यापर्यंत सगळं ठीक होतं. एका दुकानाच्या पायरीवरचं कुत्रं उठलं आणि बाजूला झालं. रस्ता ओलांडताना मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजी, सिग्नल बघा जरा!" कुशाबाच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी त्याला बरंही वाटलं. येते आहे.

टी. जे. रोडला लागल्यावर गर्दी वाढली. कुठलीशी वरात होती, बँडवाले बाजूला उभे राहून पाणी पीत होते, माणसं फुटपाथभर पसरली होती. कुशाबा नारळ छातीशी धरून त्यांच्यातून वाट काढत गेला. पलीकडे निघाला तेव्हा मागची पावलं ऐकू येईनात. त्याने चाल कमी केली. मग थांबला. अनुजा त्याच्या बरोबरीला येऊन उभी राहिली होती, म्हणजे मागे आता कुणीच नव्हतं.

वीसेक पावलं मागे बसस्टॉप होता. तिथून आवाज आला. बारीक, दमलेला, ओळखीचा.

"ते खंय गेले?"

आणि एका पुरुषाचा आवाज, रोजच्यासारखा, जराही न घाबरलेला: "कोण, आजी? कुणाला शोधताय? बरोबर कोण आहे का?"

"ते खंय गेले?"

"नाव काय त्यांचं? नाव सांगा, हाक मारतो मी."

ती नाव कसं सांगणार होती? कुशाबा नारळ घट्ट धरून उभा होता. बोललास तर मागसून येणारा थंयच रवता. त्याने ओठ दाताखाली धरले. अनुजाने त्याच्या दंडाला धरलं. तिलाही ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा तो प्रश्न आला तेव्हा तो आणखी लांबून आला. ती उलट्या दिशेला चालली होती. परत नायगावकडे.

"मीरा!" कुशाबा ओरडला.

भररस्त्यात, वरातीच्या माणसांपुढे, सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा हातात नारळ धरून बायकोच्या नावाने ओरडला. बँडवाल्याने पाण्याची बाटली तोंडापासून दूर केली. "मीरा! हय असंय मी! हय!"

बसस्टॉपवरचा माणूस इकडे तिकडे बघत होता. "अरेच्चा," तो शेजारच्याला म्हणाला. "आजी होत्या ना आता इथे?"

मग काहीच नाही. ना पाऊल, ना आवाज. कुशाबा पाच मिनिटं उभा राहिला. मग अनुजाने त्याला हाताने धरून चालवलं. शिवडी नाक्यापर्यंत तो काही बोलला नाही. बोलायची बंदी आता उरली नव्हती, तरी बोलला नाही. मागे काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की त्याला पाठ थंड लागत होती.

ट्रान्झिट इमारतीच्या लिफ्टमध्ये ते दोघंच होते. अकराव्या मजल्यावर दारापाशी अनुजाने विचारलं, "पाणी ओतायचं असतं ना उंबऱ्यावर? घरातल्या बाईने?"

"कुणासाठी आता?"

"ओतते." तिने आतून तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यावर ओतला. पाणी सिमेंटवर पसरलं, इकडून तिकडे, साधं. दोघंही त्याकडे बघत राहिले. त्यात काही दिसलं नाही.

"मी बोलायला नको होतं," कुशाबा म्हणाला.

"तुम्ही हाक मारली नसती तर तिने आणखी किती जणांना विचारलं असतं, काका?"

अनुजा थोडा वेळ बसली. त्या हॉलंडच्या मॅडमना काय कळवायचं, तिने विचारलं. कुशाबा म्हणाला, कळव, बाई वारल्या, नाव मीराबाई कुशाबा राऊळ, सही मी करतो. तिने लिहून घेतलं. कोणत्या तारखेला वारल्या तेही विचारतील, ती म्हणाली, आणि तिने पेन खाली ठेवलं. साडेपाचला ती निघाली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

कुशाबाने नारळ देवापुढे ठेवला. घर रिकामं होतं, सकाळी होतं तसंच. पण आणायला गेलो होतो तर घर दाखवायला हवं, असं त्याला वाटलं. नसली तरी. म्हणून तो उभा राहिला आणि भिंतीकडे बघून सांगू लागला.

"हो ओटो. हय उभ्यान सयपाक. खाली बसूक नको, तुजो गुडघो दुखतलो नाय. ही खिडकी. खाडी दिसता. सकाळी पक्षी येतत, लाल लाल, नाव काय ता माका ठावक नाय." तो दोन पावलं सरकला. "आणि ह्यां बघ. संडास. घरातच. कोणाची लाईन नाय, बालदी घेवन जावक नको. आतसून कडी आसा."

त्याने दार उघडून दाखवलं, दिवा लावला आणि बाजूला झाला.

चाळीत संडास बोळाच्या टोकाला होते आणि तिथल्या एकाही दाराची कडी धड नव्हती. पन्नासहून जास्त वर्षं मीराबाई आत गेली की कुशाबा बाहेर दाराकडे पाठ करून उभा राहायचा, कुणी आलं तर सांगायला. शेजारीपाजारी हसायचे. राऊळ ड्यूटीवर आहे, म्हणायचे.

तो काही वेळ तसाच उभा होता. मग दार त्याच्या बाजूने सावकाश लोटलं गेलं. आतून कडी सरकली. नवी होती, घट्ट बसायची, ती दोनदा अडली आणि मग लागली.

कुशाबा वळला, दाराकडे पाठ केली आणि उभा राहिला.